बारा शब्द कोणी निवडायचे? बिप-३९ चं प्रकरण

क्रिप्टो वॉलेट पहिल्यांदा उघडलं की पडद्यावर बारा किंवा चोवीस साधे इंग्रजी शब्द येतात आणि ते कागदावर लिहून ठेवायला सांगितलं जातं. हे शब्द आले कुठून, इतकेच का, आणि त्यात आपल्या आवडीचे शब्द घालायची मुभा का नाही, हे प्रश्न बहुतेकांना पडतात. उत्तरं सप्टेंबर २०१३ मध्ये मांडलेल्या एका छोट्या तांत्रिक मसुद्यात आहेत. त्याचं नाव बिप-३९. बिप म्हणजे बिटकॉइन सुधारणा प्रस्ताव. आज बहुतेक वॉलेट हाच आराखडा वापरतात. गंमत अशी की प्रस्तावांच्या अधिकृत संग्रहात याच मसुद्याच्या माथ्यावर वर्षानुवर्षं एक शेरा होता: हा आराखडा वापरू नये, असं टिप्पणीकारांचं एकमत आहे. एकमत मोजक्याच लोकांचं होतं हे खरं, पण तो शेरा उगाच पडलेला नव्हता.

या प्रकरणाकडे मी एकाच बाजूने पाहणार आहे. सीड फ्रेज, म्हणजे या बारा-चोवीस शब्दांची रांग, 'लक्षात राहावी' म्हणून शब्दांची केली, असं सर्रास सांगितलं जातं. आराखडा नीट पाहिला तर वेगळंच दिसतं. यंत्राने काढलेला आकडा माणसाने न चुकता उतरवावा आणि वर्षांनी न चुकता परत भरावा, एवढंच शब्दांचं काम आहे. पाठांतर ही जोडीला आलेली सोय. लोकांनी पाठांतराला पहिला मान दिला तिथे बहुधा पैसे गेले.

बॅकअप शिळा व्हायचा

बिटकॉइनच्या मूळ प्रोग्रॅममध्ये बॅकअप म्हणजे एक फाइल असायची. तिच्यात शंभर चाव्या, म्हणजे पैसे खर्च करू देणारे गुप्त आकडे, आगाऊ तयार करून ठेवलेल्या असत. पैसे घेण्यासाठी नवा पत्ता (खाते क्रमांकासारखा) घेतला की एक चावी खर्ची पडे. पैसे पाठवले की उरलेली रक्कम एका नव्या पत्त्यावर परत येई आणि आणखी एक चावी संपे. साठा संपला की प्रोग्रॅम गुपचूप नव्या चाव्या बनवी. जुन्या बॅकअपमध्ये त्या नसत. म्हणजे प्रामाणिकपणे बॅकअप घेणारा माणूसही काही महिन्यांनी उघड्यावर पडलेला असे, आणि त्याला त्याची कल्पनाही नसे.

यावरचा तोडगा म्हणजे सगळ्या चाव्या एकाच बीजातून गणिताने काढणं. २०११ मध्ये आलेल्या इलेक्ट्रम वॉलेटने हे केलं, आणि २०१२ मध्ये पीटर वुइल यांच्या बिप-३२ ने त्याला पद्धतशीर रूप दिलं. आता बॅकअप एकदाच घ्यायचा आणि तो कायमचा पुरणार. पण त्यातून नवी अडचण उभी राहिली. ते बीज म्हणजे १२८ किंवा त्याहून जास्त बिटांचा, म्हणजे इतक्या शून्य-एकांचा, एक आकडा. हेक्समध्ये, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांत, लिहिला तर बत्तीस चिन्हं: ७, एफ, ०, सी, ३, बी, आणि पुढे असंच. हे हाताने उतरवताना एक चिन्ह चुकलं तर चूक कुठे झाली ते कळायला मार्ग नाही. ८ आहे की बी, हे पाच वर्षांनी आपलंच अक्षर आपल्याला सांगत नाही.

शब्दांचा फायदा इथे आहे. पुसट झालेल्या किंवा गिचमिड अक्षरात लिहिलेल्या शब्दातली दोन-तीन अक्षरं वाचता आली तरी शब्द ओळखता येतो, कारण उरलेली अक्षरं कोणती असू शकतात हे भाषेनेच बांधून दिलेलं असतं. हीच उधळपट्टी इथे उपयोगी पडते. जागा जास्त लागते, पण चूक सावरता येते.

ही कल्पना तेव्हाही नवी नव्हती. एस-की नावाच्या एकदाच वापरायच्या पासवर्ड पद्धतीत ६४ बिटांचा आकडा सहा छोट्या इंग्रजी शब्दांत लिहीत, आणि त्याची यादी २०४८ शब्दांचीच होती. १९९४ च्या एका इंटरनेट दस्तऐवजात ती छापलेली आहे. १९९५ मध्ये पॅट्रिक जुओला आणि फिलिप झिमरमन यांनी पीजीपी या संदेश गुप्त ठेवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी यादी केली ती मला जास्त आवडते. त्यांनी २५६ शब्दांच्या दोन याद्या केल्या, एक दोन उच्चारखंडांच्या शब्दांची आणि एक तीन उच्चारखंडांच्या. शब्द आलटून पालटून दोन्हींतून घ्यायचे. फोनवर वाचताना एखादा शब्द गळला किंवा पुढेमागे झाला तर लय मोडते आणि कानालाच कळतं.

इलेक्ट्रमचे कर्ते थॉमस व्होग्टलिन यांनी १६२६ शब्दांची यादी वापरली. आकडा विचित्र वाटतो, पण हिशोब नेटका आहे: १६२६ चा घन ३२ बिटांच्या एकूण शक्यतांपेक्षा अगदी थोडासा जास्त भरतो. म्हणून दर ३२ बिटांना तीन शब्द, आणि १२८ बिटांना बारा. शब्द समकालीन कवितेत वारंवार येणाऱ्या शब्दांच्या यादीतून घेतले होते. त्यात चूक पकडणारी काहीच सोय नव्हती. यादीतले कुठलेही बारा शब्द टाका, वॉलेट उघडायचं. रिकामं.

आराखडा

बिप-३९ चे लेखक चौघे: मारेक पालाटिनस, पावोल रुस्नाक, ॲरन व्हॉइसिन आणि शॉन बोव. पहिले दोघे ट्रेझर हे हार्डवेअर वॉलेट, म्हणजे चाव्या सांभाळणारं वेगळं छोटं उपकरण, बनवत होते, आणि आराखड्यातल्या बऱ्याच गोष्टी त्या उपकरणाकडे पाहिलं की उलगडतात. एक छोटा पडदा, दोन बटणं, मंद चिप. शब्द पडद्यावर एकेक करून दिसणार, माणूस ते हाताने लिहिणार.

यादी २०४८ शब्दांची, म्हणजे २ चा ११ वा घात. प्रत्येक शब्द बरोबर ११ बिटांचा, भागाकाराची भानगड नाही. १२८ बिट यंत्राने काढायचे, त्यांचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे ठरावीक सूत्राने काढलेला त्यांचा ठसा, घ्यायचा, हॅशचे पहिले ४ बिट शेपटाला जोडायचे. झाले १३२ बिट, म्हणजे १२ शब्द. २५६ बिटांना ८ बिटांचं शेपूट, म्हणजे २६४ बिट आणि २४ शब्द. उदाहरण म्हणून १२८ च्या १२८ बिट शून्य घ्या. पहिले अकरा शब्द यादीतला पहिलाच शब्द येतात, 'अबॅन्डन'. बारावा मात्र 'अबाउट' येतो, कारण शेपटाचे चार बिट ००११ निघतात आणि शून्यापासून मोजलं की तीन क्रमांकावर 'अबाउट' आहे. हा वाक्यांश आराखड्याच्या चाचण्यांतच छापलेला आहे. त्यामुळे त्यावर पैसे ठेवणं म्हणजे पैसे रस्त्यावर ठेवणं.

यादी करताना दोन नियम पाळले. एक, पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ठरला पाहिजे. त्यामुळे कागदाऐवजी पोलादी पट्टीवर शब्द ठोकताना चार अक्षरं पुरतात, आणि उपकरणावर चार अक्षरं निवडली की पुढचा शब्द आपोआप येतो. दुसरा, 'बिल्ड' आणि 'बिल्ट', 'वुमन' आणि 'विमेन' अशा जवळच्या जोड्या एकत्र घ्यायच्या नाहीत.

दुसरा नियम नीट पाळला गेला नाही, असं माझं मत आहे. यादीत 'डिश', 'फिश' आणि 'विश' तिन्ही आहेत. 'केक', 'लेक' आणि 'मेक' तिन्ही आहेत. पहिली चार अक्षरं वेगळी असण्याची अट हे शब्द सहज पुरी करतात, कारण फरक पहिल्याच अक्षरात आहे. पण फोनवर ऐकताना किंवा घाईत लिहिलेलं वाचताना नेमकी तिथेच गफलत होते. नियम टाइप करणाऱ्याच्या सोयीचा झाला. ऐकणारा आणि वाचणारा बाजूला राहिले.

चेकसमचं, म्हणजे चूक पकडण्यासाठी जोडलेल्या त्या शेपटाचंही तसंच. बारा शब्दांत चार बिटांचं शेपूट म्हणजे एखादा शब्द चुकला किंवा दोन शब्दांची अदलाबदल झाली तर सोळातल्या एका वेळी चूक पकडली जाणार नाही. वॉलेट 'शब्द बरोबर आहेत' म्हणेल आणि शिल्लक शून्य दाखवेल. चोवीस शब्दांत हे प्रमाण २५६ त एक आहे, ते बरं. आणि चेकसम फक्त 'चुकलं' एवढंच सांगतो. कुठे चुकलं, बरोबर शब्द कोणता, हे सांगण्याइतकी माहिती त्यात नाही. तरी अगदीच निरुपयोगी नाही: बारातला एक शब्द वाचताच येत नसेल तर २०४८ पर्यायांपैकी साधारण १२८ च उरतात, आणि चोवीसमधला एक गेला असेल तर साधारण ८. तेवढे पर्याय एकेक करून तपासता येतात.

शब्द उलटसुलट क्रमाने लिहून ठेवण्याची युक्ती बरेच जण करतात, तिचाही हिशोब इथेच करून टाकू. बारा वेगवेगळ्या शब्दांचे क्रम ४७,९०,०१,६०० होतात. चेकसमने गाळले की तीन कोटींच्या आत. घरच्या संगणकाला हे काही तासांचं काम आहे. चोवीस शब्दांचे क्रम मात्र २ च्या ७९ व्या घाताच्या आसपास जातात, आणि ट्रेझरने याचा हुशारीने उपयोग केला. पहिल्या ट्रेझरमध्ये वॉलेट परत मिळवताना शब्द संगणकाच्या कीबोर्डवर टाइप करावे लागत, पण आत्ता कितव्या क्रमांकाचा शब्द हवा ते फक्त उपकरणाच्या पडद्यावर दिसे, तेही उलटसुलट. संगणकात हेरगिरी करणारा प्रोग्रॅम असला तरी त्याला शब्द मिळत, क्रम मिळत नसे. बारा शब्दांनी हे भागलं नसतं.

स्वतःचे शब्द का नाहीत

मसुद्यातच एक वाक्य स्पष्ट आहे: हा आराखडा संगणकाने तयार केलेली यादृच्छिकता माणसाला वाचता येईल अशा रूपात वाहून नेण्यासाठी आहे, माणसाने रचलेल्या वाक्यातून बीज काढण्यासाठी नाही.

माणसाने रचलेल्या वाक्यांचा अनुभव ताजा होता म्हणून हे लिहावं लागलं. ब्रेनवॉलेट नावाची पद्धत तेव्हा चालू होती. एखादं वाक्य घ्यायचं, त्याचा एसएचए-२५६ हॅश एकदा काढायचा, तीच प्रायव्हेट की, म्हणजे पैशांची चावी. कागद नाही, फाइल नाही, सगळं डोक्यात. कल्पना मोहक आहे, आणि तिचा घात एका गोष्टीने केला: ब्लॉकचेन, म्हणजे सगळ्या व्यवहारांची वही, सगळ्यांसमोर उघडी असते. बँकेच्या खात्यावर पासवर्ड ताडून पाहायचे तर तीन-चार चुकांनंतर बँक दार लावते. इथे दार लावायला कुणीच नाही. चोर आपल्या घरी बसून अब्जावधी वाक्यांचे हॅश काढतो आणि प्रत्येकाची गाठ एकाच वेळी जगातल्या सगळ्या पत्त्यांशी घालून पाहतो. कुणाचं वाक्य होतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

२०१५ मध्ये हॅकरांच्या डेफकॉन परिषदेत रायन कॅस्टेलुची यांनी हे किती वेगाने करता येतं ते दाखवलं. पुढे मारी वासेक, जोसेफ बोनो, कॅस्टेलुची आणि सहकाऱ्यांनी सुमारे ३०० अब्ज पासवर्ड तपासून २०११ ते २०१५ या काळातली ८८४ ब्रेनवॉलेट शोधून काढली. त्यांत मिळून १,८०६ बिटकॉइन येऊन गेले होते. बहुतेक वॉलेट चोवीस तासांच्या आत रिकामी झाली होती, काही तर मिनिटांत.

अवघड वाक्य निवडलं तर? असं वाटणं साहजिक आहे. पण अवघड म्हणजे कोणाला अवघड, हा खरा मुद्दा. जुन्या पुस्तकातली ओळ उलटी लिहा, त्यात अंक घाला, गावंढळ शिवी जोडा. माणसाला सुचलेला प्रत्येक बदल चोराच्या यादीतही कुणीतरी घातलेला असतो, कारण चोरही माणूसच आहे. याउलट यंत्राने काढलेल्या १२८ बिटांना 'सुचणं' नावाची गोष्टच नसते. बिप-३९ ची यादी जगजाहीर आहे, पद्धत जगजाहीर आहे, तरी बारा शब्द सुरक्षित राहतात, कारण शक्यता २ च्या १२८ व्या घाताएवढ्या आहेत आणि त्यांत कुठलीही एक दुसरीपेक्षा जास्त संभाव्य नाही. यादीतून मनानेच बारा शब्द 'उचलले' तर हे सगळं ढासळतं. बहुतेक वेळा चेकसम जुळतच नाही, आणि जुळवून आणला तरी शब्द आपल्या डोक्याने निवडलेले असतात.

मग पाठ करता येतं का? येतं, बारा शब्द पाठ करणं काही मोठं नाही. त्यांची एक वेडगळ गोष्ट रचली की महिनाभर जिभेवर राहतात. पण गोष्ट रचण्यासाठी शब्द बदलू नयेत, आणि पाठ झालं म्हणून कागद फाडू नये. आजारपण, अपघात, किंवा नुसती दहा वर्षं, एवढं पुरतं.

वाद

आता सुरुवातीला सांगितलेला तो 'वापरू नये' चा शेरा. तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात वादग्रस्त निर्णय यादीचा नव्हता. शब्दांपासून बीज काढण्याचा होता.

साधा मार्ग असा असता: शब्द परत आकड्यात फिरवायचे आणि तो आकडाच बीज म्हणून वापरायचा. बिप-३९ ने तसं केलं नाही. शब्दांचा मजकूर जसाच्या तसा पीबीकेडीएफ२ या पुन्हा पुन्हा हॅश काढणाऱ्या पद्धतीत घालायचा, २,०४८ फेऱ्या करायच्या, बाहेर ५१२ बिट येतात, ते बीज. यामुळे दोन गोष्टी साधल्या. एक, यादी जवळ नसलेलं वॉलेटसुद्धा शब्दांवरून बीज काढू शकतं. दोन, मजकुराला एक जादा पासफ्रेज जोडता येतो, ज्याला लोक 'पंचविसावा शब्द' म्हणतात. पासफ्रेज काहीही असला तरी एक वैध वॉलेट उघडतं. धाक दाखवून कुणी शब्द मागितले तर थोडी रक्कम असलेलं वॉलेट दाखवता येतं. हे जितकं उपयोगी तितकंच धोक्याचं: पासफ्रेजमध्ये एक अक्षर चुकलं तरी कुठलाही इशारा येत नाही, फक्त शिल्लक शून्य दिसते. २,०४८ फेऱ्या त्या मंद चिपला झेपाव्यात एवढ्याच ठेवल्या होत्या. दुबळ्या पासफ्रेजला त्यांनी वाचवावं ही अपेक्षा चूक आहे.

व्होग्टलिन यांचे आक्षेप दोन होते, आणि दोन्ही काळाने खरे ठरवले असं मला वाटतं. पहिला: चेकसम तपासायचा तर यादी लागतेच, म्हणजे यादी कायमची गोठली. 'डिश-फिश-विश' आता कधीच दुरुस्त होणार नाही. दुसरा आणि मोठा: वाक्यांशात आवृत्तीचा क्रमांक नाही. या बीजापासून चाव्या कुठल्या मार्गाने आणि पत्ते कुठल्या प्रकारचे काढायचे, हे शब्द सांगत नाहीत.

पुढे झालं ते नेमकं हेच. बिप-४४ ने एक मार्ग ठरवला, बिप-४९ ने दुसरा, बिप-८४ ने तिसरा. काही वॉलेटनी आपले स्वतःचे काढले. परिणामी माणूस जुना कागद काढतो, बाराही शब्द बरोबर भरतो, चेकसम जुळतो, आणि दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटमध्ये त्याला शून्य दिसतं. पैसे कुठेही गेलेले नसतात. वॉलेट फक्त चुकीच्या फांदीवर शोधत असतं. हे माहीत नसलेला माणूस घाबरून इंटरनेटवर मदत मागतो, आणि मदत करायला सगळ्यात आधी धावतात ते चोर.

इलेक्ट्रमने २०१५ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आपली वेगळी वाट धरली. तिथे शब्दांचा एक हॅश काढतात आणि हेक्समध्ये त्याची सुरुवात ठरावीक आकड्यांनी झाली तरच तो वाक्यांश वैध. साध्या वॉलेटला ०१, सेगविट या नव्या प्रकारच्या पत्त्यांच्या वॉलेटला १००. तशी सुरुवात मिळेपर्यंत प्रोग्रॅम आकडा एकेकाने वाढवत राहतो. ०१ साठी सरासरी २५६ प्रयत्न, १०० साठी ४,०९६. चेकसमचं आणि आवृत्तीचं काम एकाच फटक्यात होतं, आणि त्यासाठी यादी लागत नाही. आराखडा म्हणून हा सरस आहे यात मला शंका नाही. पण हार्डवेअर वॉलेटवाले बिप-३९ कडे गेले, आणि त्यांच्यामागे बाकीचे. चांगला आराखडा आणि रूढ आराखडा यांची गाठ पडतेच असं नाही.

इतर भाषा

इंग्रजीशिवाय नऊ याद्या मसुद्याच्या संग्रहात आहेत: जपानी, कोरियन, स्पॅनिश, चिनी दोन लिप्यांत, फ्रेंच, इटालियन, चेक आणि पोर्तुगीज. देवनागरीतली एकही नाही. आपल्या भाषेत शब्द असते तर उतरवताना चुका कमी झाल्या असत्या, हे उघड आहे. तरीही मसुदा इंग्रजीखेरीज यादी वापरू नका असंच बजावतो, कारण बहुतेक वॉलेटना इंग्रजीच कळतं.

देवनागरीत आणखी एक पेच आहे, आणि तो थेट मजकुरापासून बीज काढण्याच्या निर्णयातून येतो. 'दऱ्या' मधला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवला जातो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच. बिप-३९ मजकूर आधी युनिकोडच्या एनएफकेडी रूपात आणायला सांगतो, पण ते रूप हे दोन प्रकार एक करत नाही. म्हणजे एका कीबोर्डवर लिहिलेला शब्द दुसऱ्या कीबोर्डवर तसाच्या तसा लिहिला तरी बीज वेगळं निघू शकतं. शिवाय 'पहिली चार अक्षरं' म्हणजे काय, हेही आधी ठरवावं लागेल. काना-मात्रा धरून मोजायचं की जोडाक्षर एक धरायचं? 'दिन' आणि 'दीन' एका यादीत नकोत हे तर सांगायलाही नको. यादी करणं अशक्य नाही, पण असे सगळे शब्द वगळून २०४८ उरवणं हे भाषेच्या जाणकाराचं काम आहे, केवळ प्रोग्रॅमरचं नाही.

शब्द उत्तम, आकडा पोकळ

जुलै २०२३ मध्ये अनेक वॉलेट एकदम रिकामी झाली. ९ लाख डॉलरहून जास्त रक्कम गेली. मालकांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं: शब्द यंत्राने काढलेले, चेकसम जुळणारा, लांबी पुरेशी. तपास करणाऱ्यांना दोष सापडला तो लिबबिटकॉइन एक्स्प्लोरर या जुन्या साधनाच्या तिसऱ्या पिढीत. त्यातली बीज काढण्याची आज्ञा घड्याळाच्या वेळेवरून फक्त ३२ बिट घेत होती आणि मर्सेन ट्विस्टर नावाच्या साध्या सूत्राने ते ताणून मोठे करत होती. चोवीस शब्द मागितले तरी खऱ्या शक्यता सुमारे ४२९ कोटीच. चांगला गेमिंग संगणक त्या एका दिवसाच्या आत तपासू शकतो. घड्याळ शून्यावर ठेवलं तर येणारे पहिले दोन शब्द 'मिल्क' आणि 'सॅड', म्हणून या प्रकाराला तेच नाव पडलं.

वाक्यांशाच्या आराखड्याला याचा दोष देता येत नाही, पण त्याची एक मर्यादा इथे उघडी पडते. पोकळ आकड्यापासून केलेले चोवीस शब्द आणि खऱ्या २५६ बिटांपासून केलेले चोवीस शब्द डोळ्यांना सारखेच दिसतात. चौसष्ट चिन्हांच्या हेक्सनेही हे सांगितलं नसतं, पण शब्दांच्या लांबलचक रांगेमुळे एक भरवसा वाटतो, तो हेक्समुळे वाटत नाही. म्हणून वॉलेट निवडताना शब्द किती देतं यापेक्षा यादृच्छिकता कुठून घेतं हे विचारावं. ज्यांना कुणावरच विसंबायचं नसेल ते फासे टाकून बिट काढतात. आराखडा त्याला आड येत नाही, फक्त शेवटच्या शब्दाचा चेकसम यंत्राकडून काढून घ्यावा लागतो.

दुरुस्ती

ट्रेझर बनवणाऱ्या सातोशीलॅब्जनेच पुढे स्लिप-३९ नावाचा नवा आराखडा काढला, आणि त्यात जुन्या उणिवांची उत्तरं एकेक करून दिसतात. यादी १०२४ शब्दांची. कुठल्याही दोन शब्दांत किमान दोन अक्षरांचा फेर असलाच पाहिजे, म्हणजे 'डिश-फिश-विश' त्रिकूट बाद. उच्चारही शक्य तितके लांबचे. चेकसम रीड-सोलोमन प्रकारचा, तीन शब्दांपर्यंतची चूक हमखास पकडणारा. शिवाय शमीर पद्धतीने बीजाचे भाग करता येतात: पाच कागद, त्यांतले कुठलेही तीन पुरे. लोक आपल्या मनाने वाक्यांश अर्धा-अर्धा करून दोन ठिकाणी ठेवतात, त्यापेक्षा हे कितीतरी भक्कम. बारा शब्दांचे सहा-सहा केले तर एक अर्धा हाती लागलेल्या चोरासमोर १२८ ऐवजी ६२ बिटच उरतात, आणि एक अर्धा हरवला की मालकही तिथेच अडकतो.

एवढं असूनही बिप-३९ चं राज्य तसंच आहे. स्लिप-३९ मधून बाहेर येणारा आकडा थेट बीज म्हणून वापरला जातो, पीबीकेडीएफ२ ची ती जुनी पायरी मध्ये नाही. त्यामुळे जुन्या बारा शब्दांमागचा आकडा नव्या पद्धतीत भरला तर वॉलेट वेगळंच उघडतं. जुना कागद नव्या कागदात सहज बदलता येत नाही. नवं वॉलेट काढून, शुल्क भरून, सगळे पैसे तिकडे पाठवावे लागतात. ज्याचे पैसे आजवर नीट राहिले आहेत तो हे करायला सहसा राजी होत नाही, आणि नवी वॉलेटही ग्राहकाच्या हातात आधीपासून असलेला कागद चालावा म्हणून तीच जुनी २०४८ शब्दांची यादी घेतात.